जुनी कॉर्डलेस यंत्रे घेताना आणि त्यांची बॅटरी बदलताना

वापरलेले कॉर्डलेस ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू मारणारे यंत्र) किंवा ग्राइंडर घेताना बहुतेक जण यंत्राकडे पाहतात, ट्रिगर दाबून एकदा फिरवून बघतात आणि भावाला सुरुवात करतात. खरे तर अशा यंत्रात दोन वेगळ्या वयाच्या वस्तू एकत्र विकल्या जात असतात. मोटर, गिअर आणि चक (बिट पकडणारा जबडा) यांची निगा राखली तर त्या दहा-पंधरा वर्षेही टिकतात. लिथियम बॅटरी मात्र रोजच्या कामात तीन ते पाच वर्षांत थकते आणि न वापरता कपाटात ठेवली तरी तिचे वय वाढतच राहते. म्हणून जुने यंत्र घेताना त्यासोबत मिळणाऱ्या बॅटरीची किंमत शून्य धरावी आणि जो भाव द्यायचा तो केवळ यंत्राचा द्यावा, हा माझा आग्रह आहे. बॅटरी चांगली निघाली तर तो आपला फायदा. विक्रेत्याने तिचे पैसे आधीच लावलेले नसावेत.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका ड्रिलचा दोन बॅटऱ्या आणि चार्जरसह नवा संच १२,००० रुपयांना मिळतो. त्याच बॅटऱ्या सुट्या घेतल्या तर दोन्हींचे मिळून ६,००० आणि चार्जरचे २,००० रुपये पडतात. म्हणजे नव्या संचात यंत्राच्या वाट्याला ४,००० रुपयेच येतात. असा चार वर्षे वापरलेला संच कोणी ६,००० रुपयांना देऊ करत असेल, तर ‘निम्म्या किमतीत मिळाला’ असे वाटते खरे. पण बॅटऱ्या मेलेल्या असतील तर चार्जर नव्याच्या भावाने धरूनही आपण जुन्या यंत्राला नव्याइतके पैसे मोजलेले असतात. बाजारात जाण्यापूर्वी सुटे यंत्र, सुटी बॅटरी आणि चार्जर यांचे त्या दिवशीचे नवे भाव कागदावर लिहून न्यावेत. घासाघीस करताना त्या कागदाइतका उपयोगी आधार दुसरा नाही.

आधी बॅटरीची जात ओळखावी

यंत्र कोणते घ्यायचे हे ठरवण्याआधी त्याला कोणती बॅटरी लागते आणि ती आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात नवी, बिलासह मिळते का, हे पाहावे. प्रत्येक कंपनीची खाच वेगळी असते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांच्या बॅटऱ्याही एकमेकींना बसतीलच असे नाही. बॉशची निळी व्यावसायिक यंत्रे आणि हिरवी घरगुती यंत्रे दोन्ही १८ व्होल्टची असली, तरी त्यांच्या बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत. उलट डिवॉल्टच्या अमेरिकेतून आलेल्या यंत्रावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि इतरत्र विकल्या जाणाऱ्या यंत्रावर ‘१८ व्होल्ट एक्सआर’ असे लिहिलेले असते, तरीही त्या बॅटऱ्या एकमेकांच्या जागी चालतात, कारण आतून त्या एकच आहेत.

हा आकड्यांचा घोळ समजून घेतला तर पुढची फसवणूक टळते. बॅटरीच्या पेटीतल्या एका लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब (व्होल्टेज) ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. असे पाच सेल एकामागे एक जोडले की सरासरी १८ आणि पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट मिळतात. अशी जोडलेली एकच बॅटरी, म्हणजे पॅक, कोणी १८ म्हणून विकतो, कोणी २० म्हणून, तर कोणी २१ म्हणून. तीन सेलच्या पॅकचेही तसेच आहे. त्याला कोणी १०.८, तर कोणी १२ व्होल्ट म्हणतात. स्वस्त, नाव नसलेल्या यंत्रांवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ किंवा ‘१२८ व्हीएफ’ असे भव्य आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावला की तिथेही बहुधा वीस-एकवीस व्होल्टच दिसतात. हे आकडे यंत्राची ताकद सांगत नाहीत. त्यावर भाव ठरवू नये.

दुसरा आकडा अँपिअर-आवरचा, म्हणजे दुकानात ज्याला ‘एएच’ म्हणतात त्याचा. २ एएचच्या १८ व्होल्ट पॅकमध्ये सहसा पाच सेल असतात. ४ किंवा ५ एएचच्या पॅकमध्ये १८६५० आकाराच्या, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या दहा सेलच्या पाच जोड्या असतात. असा एक सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो, त्यामुळे नामांकित कंपनीच्या दहा सेलच्या पॅकचे वजन ६०० ग्रॅमच्या आसपास जाते. ‘६ एएच’ असे छापलेला पॅक किराणा दुकानाच्या काट्यावर ४०० ग्रॅमसुद्धा भरत नसेल, तर आत पाचच सेल आहेत असे समजावे. काही नव्या पॅकमध्ये २१ मिलिमीटर व्यासाचे मोठे सेल असतात आणि पाच सेलमध्येच ४ एएच मिळतात, हा अपवाद लक्षात ठेवावा. मात्र असे पॅक नामांकित कंपन्यांच्या सूचीत स्पष्ट नोंदवलेले असतात.

निकेल-कॅडमियमच्या जुन्या यंत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांचा प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो, त्यामुळे १२ व्होल्टला दहा, १४.४ व्होल्टला बारा आणि १८ व्होल्टला पंधरा सेल लागतात. बॅटरी हँडलमध्ये खालून दांड्यासारखी आत शिरत असेल आणि यंत्र हातात जड लागत असेल, तर बहुधा ते याच पिढीतले. बॅटरीवर लेबल असेल तर ‘एनआय-सीडी’ ही अक्षरे दिसतील. यांचे मूळ पॅक आता सहजी मिळत नाहीत. यंत्र कितीही धडधाकट असले तरी ते घेऊ नये, असे माझे मत आहे. आधीपासून घरात असेल तर गोष्ट वेगळी.

कोठून घ्यावे आणि काय विचारावे

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, शहरोशहरीची भंगाराची दुकाने, काम संपल्यावर हत्यारे विकणारे फर्निचरवाले आणि फॅब्रिकेशनवाले, आणि मोबाइलवरच्या जुन्या वस्तूंच्या जाहिराती असे मार्ग आहेत. माझी पसंती ज्याने स्वतः यंत्र वापरले आहे अशा कारागिराला. सुतार काम बदलतो, एका कंपनीची सगळी यंत्रे सोडून दुसऱ्या कंपनीची घेतो किंवा गावी परततो; त्याला यंत्राचा इतिहास माहीत असतो आणि चार प्रश्न विचारले की तो बोलतो. भिंतीला भोके पाडली का, की फक्त स्क्रू मारले? कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे, झिजणारे ब्रश) कधी बदलले? बॅटरी कोणत्या साली घेतली? यंत्र कधी उघडले होते का? उत्तर देताना तो अडखळतो की सहज सांगतो, यावरूनही बरेच कळते.

मूळ बिल मागावेच. ते नसेल तर विक्रेत्याचे नाव, यंत्राचा अनुक्रमांक आणि रक्कम लिहून त्याची सही घ्यावी आणि पैसे शक्यतो खात्यावर द्यावेत. बांधकामाच्या जागेवरून यंत्रे चोरीला जाणे हा नेहमीचा प्रकार आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. अनुक्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल तर भाव कितीही चांगला असला तरी तिथून निघावे.

जाताना एक पूर्ण चार्ज केलेली योग्य जातीची बॅटरी (उसनी का असेना), मल्टिमीटर, एक सरळ लांब ड्रिल बिट, काही मोठे स्क्रू आणि जाड लाकडाचा एक तुकडा सोबत न्यावा. स्वतःची बॅटरी असली म्हणजे यंत्र आणि बॅटरी यांची परीक्षा वेगवेगळी करता येते. विक्रेत्याच्या मरगळलेल्या बॅटरीवर यंत्र हळू चालले तर दोष कोणाचा, हे कळतच नाही.

यंत्राची तपासणी

ड्रिलची सुरुवात चकपासून करावी. सरळ बिट घट्ट बसवावा आणि ट्रिगर अगदी हलका दाबून टोकाकडे पाहावे. टोक एका जागी फिरायला हवे. ते गोल रिंगण घेत असेल तर चक किंवा गिअरचा दांडा वाकलेला आहे. मग चक हातात धरून आडवा हलवावा. पुढे-मागे किंचित हालचाल चालते, पण बाजूला खडखड लागत असेल तर बेअरिंग गेलेले आहे. एकटा चकच खराब असेल तर तो बदलता येतो आणि महागही नसतो. बहुतेक ड्रिलमध्ये चकच्या तळाशी आत एक उलट्या आट्याचा स्क्रू असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवून काढावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून स्क्रूचे डोके झिजवतो, त्यामुळे ते डोके आधीच झिजलेले आहे का, हेही बिट काढून टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावे.

त्यानंतर ट्रिगर. तो जितका दाबावा तितका वेग वाढला पाहिजे आणि सोडताक्षणी मोटर थांबली पाहिजे. कमी दाबल्यावर काहीच नाही आणि एकदम पूर्ण वेग, असे होत असेल तर स्विच बदलावा लागेल. स्विच मिळतो, पण त्याचे पैसे भावातून वजा करावेत. उलट-सुलट फिरण्याची कळ आणि वेगाचा वरचा खटका दोन्ही जागी ठाम बसतात का, हे पाहावे. क्लचची (ठरावीक जोरानंतर फिरणे सोडणाऱ्या भागाची) कडी सर्वांत लहान आकड्यावर ठेवून लाकडात स्क्रू मारावा. स्क्रू थोडा आत गेल्यावर कटकट आवाज करत क्लच सुटला पाहिजे, आणि आकडा वाढवत नेला की स्क्रू आणखी खोल गेला पाहिजे. ड्रिलच्या खुणेवर ठेवल्यावर मात्र क्लच अजिबात सुटता कामा नये. तिथेही सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, आणि जुन्या यंत्रात ते काम परवडत नाही.

मोटरला कार्बन आहेत की ती ब्रशलेस आहे, हे बाजूच्या लेबलवरून कळते. कार्बनच्या मोटरमध्ये सावलीत जाऊन हवेच्या जाळीतून आत पाहावे. बारीक निळसर ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे. पिवळ्या ठिणग्यांचे गोल कडे दिसत असेल तर कार्बन संपलेले आहेत किंवा आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) जळत आलेले आहे. जाळीला नाक लावून वास घ्यावा. जळक्या वॉर्निशचा वास लपवता येत नाही. कार्बन बदलणे स्वस्त आणि सोपे असते, फक्त दोन्ही एकदमच बदलावेत. ब्रशलेस मोटरला ही झीज नाही, पण तिचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीला भिडतो. त्यामुळे ब्रशलेस यंत्र नुसते हवेत फिरवून घेऊ नये. मोठा बिट लावून लाकडात सलग तीन-चार खोल भोके पाडावीत आणि मध्येच बंद पडते का, झटके देते का, हे पाहावे. घरापुरते काम असणाऱ्याने जुने घेताना साधे कार्बनचे यंत्र घेतले तरी काही बिघडत नाही. त्याचे दोष दिसतात आणि गल्लीतला मोटर वाइंडिंगवालाही ते दुरुस्त करू शकतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये बिट पकडणारी पुढची बाही स्प्रिंगने आपोआप मागे येते का आणि बिट ओढल्यावर निसटत नाही ना, एवढे पाहून एक लांब स्क्रू मारून पाहावा. ठोक्यांचा आवाज एकसारखा हवा. ग्राइंडरला संरक्षक कव्हर नसेल तर तो घेऊच नये. कव्हर काढून टाकलेला ग्राइंडर कसा वापरला गेला असेल, हे वेगळे सांगायला नको. गोल करवतीचे खालचे कव्हर हाताने उघडून सोडावे. ते झटकन स्वतःहून मिटले पाहिजे.

कोकण, मुंबई, गोवा या भागांतून आलेल्या यंत्रात बॅटरी बसते त्या पितळी पात्या नीट पाहाव्यात. खाऱ्या हवेने त्यांवर हिरवा थर चढतो, तिथे विजेला विरोध वाढतो, पात्या तापतात आणि भोवतीचे प्लास्टिक वितळू लागते. नुसता थर असेल तर तो साफ करता येतो. प्लास्टिक वाकडे झाले असेल तर पाती पुढेही तापत राहणार.

बॅटरीची परीक्षा

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. पेटी फुगलेली, तडकलेली किंवा एका कोपऱ्यात वितळलेली असेल, अथवा तिला गोडसर, नेलपॉलिशच्या जवळ जाणारा वास येत असेल, तर ती हातातही घेऊ नये, मग चार्जरवर लावणे दूरच. चांगली दिसत असेल तर लेबलवरची निर्मितीची तारीख वाचावी; बऱ्याच कंपन्या वर्ष आणि आठवडा छापतात. पाच वर्षांपेक्षा जुनी बॅटरी चालत असली तरी तिला किंमत देऊ नये.

मल्टिमीटरने पूर्ण चार्ज झालेल्या पाच सेलच्या पॅकवर २०.५ ते २१ व्होल्ट दिसायला हवेत. १६-१७ वर अडकलेला आणि तरीही चार्जर ‘पूर्ण’ म्हणतो असा पॅक म्हणजे आतला एक सेल मेलेला आहे. पण नुसता दाब दिसणे पुरेसे नाही. थकलेल्या बॅटरीची खूण अशी, की ती फार लवकर भरते आणि तितक्याच लवकर संपते. ४ एएचची रिकामी बॅटरी साध्या चार्जरवर दहा मिनिटांत हिरवा दिवा दाखवत असेल, तर तिची साठवण उरलेली नाही.

साठवण मोजण्याची एक पद्धत घरच्या घरी करता येते. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॉटचे दोन बल्ब एकामागे एक जोडावेत आणि ते पूर्ण भरलेल्या १८ व्होल्ट पॅकच्या धन व ऋण टोकांना जाड वायरने लावावेत. साधारण ४ अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे २ एएचचा निरोगी पॅक अर्ध्या तासाच्या आसपास आणि ४ एएचचा तासाभराच्या आसपास टिकायला हवा. मल्टिमीटर लावून ठेवावा आणि दाब १५ व्होल्टवर आला की लगेच बल्ब काढावेत. हे काटेकोरपणे पाळणे आवश्यक आहे, कारण काही कंपन्यांच्या पॅकमध्ये दाब फार खाली गेल्यावर तोडणारी व्यवस्था पॅकमध्ये नसून यंत्रात असते. बल्ब लावून विसरलात तर चांगला पॅकही मरतो. बल्बची काच भाजण्याइतकी तापते, तेव्हा ते फरशीवर किंवा विटेवर ठेवावेत. अपेक्षेच्या तीन-चतुर्थांश वेळ टिकला तर पॅक कामाचा आहे. निम्माच टिकला तर त्याला शेवटची घरघर लागली आहे.

चार्जरकडे दुर्लक्ष होते, म्हणून थोडे त्याबद्दल. परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेल्या संचात यंत्र आणि बॅटरी येथे चालतात, पण अमेरिकेचा चार्जर १२० व्होल्टचा आणि जपानचा १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला की जळतो. चार्जरच्या खालच्या पट्टीवरचा इनपुटचा आकडा वाचून मगच प्लग लावावा; तो १०० ते २४० असेल तरच थेट चालेल. विमानाने आणताना सुटी बॅटरी सामानात न देता हातातल्या पिशवीत ठेवावी लागते आणि मर्यादा १०० वॉट-अवरची असते. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९० वॉट-अवर, ही बॅटरी चालते. ६ एएचची १०८ होते आणि तिला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. यंत्र मात्र बॅटरी काढून चेक-इनच्या सामानातच द्यावे.

बॅटरी बदलण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे कंपनीचा नवा पॅक बिलासह घेणे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा हत्यारांच्या बाजारांत किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे तो मिळतो. महाग वाटला तरी रोजीरोटी त्या यंत्रावर असणाऱ्याने हाच मार्ग धरावा. एक पर्याय म्हणून, जुने यंत्र चांगले असेल आणि नवा संच सवलतीत मिळत असेल, तर सुट्या बॅटऱ्यांऐवजी त्याच मालिकेचा नवा संच घेतलेला कधीकधी स्वस्त पडतो, आणि घरात दोन यंत्रे होतात.

दुसरा मार्ग मूळ कंपनीसारख्या दिसणाऱ्या, दुसऱ्याच कोणी बनवलेल्या पॅकचा. यात फार मोठी तफावत असते. वजन करून पाहावे, आकडा अवास्तव आहे का ते पाहावे आणि कमी जोराच्या कामापुरताच तो वापरावा. ग्राइंडर आणि गोल करवत सतत मोठा प्रवाह ओढतात, त्यांना असा पॅक लावू नये.

तिसरा मार्ग, म्हणजे जुन्या पेटीत नवे सेल भरून घेणे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात आणि आता ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या तालुक्याच्या दुकानांतही हे काम करणारे भेटतात. सगळी गुणवत्ता सेलवर आणि जोडणीवर अवलंबून असते, म्हणून ग्राहकाला काय मागायचे ते माहीत हवे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेल जास्त प्रवाह देणारे हवेत. ड्रिलला जोर लागला की ते सहज २० ते ३० अँपिअर ओढते. लॅपटॉपचे किंवा पॉवर बँकेचे सेल दिसायला तसेच असतात, त्यांवरचा साठवणीचा आकडाही मोठा असतो. पण ते सलग चार-पाच अँपिअरसाठी बनवलेले असतात. ड्रिलमध्ये ते तापतात, दाब कोसळतो आणि काही महिन्यांत निकामी होतात. सॅमसंगचा ‘२५ आर’ हा २,५०० एमएएचचा (म्हणजे २.५ एएचचा) आणि एलजीचा ‘एचजी२’ हा ३,००० एमएएचचा सेल २० अँपिअर देतो. अशा दर्जाचे सेल मागावेत. १८६५० आकारात खरी साठवण सहसा ३,६०० एमएएचच्या पुढे जात नाही, त्यामुळे ‘९,९०० एमएएच’ छापलेला सेल दाखवणाऱ्या दुकानात थांबू नये.

पॅकमधला एकच सेल गेलेला असला तरी सगळे बदलावेत. नवा सेल जुन्यांबरोबर बसवला तर जुने आधी रिकामे होतात, आधी भरतात, आणि पॅक पुन्हा असंतुलित होतो. नवे सेल एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे असावेत आणि जोडण्यापूर्वी त्यांच्या दाबात ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा.

जोडणी स्पॉट वेल्डिंगनेच झाली पाहिजे. सेलला थेट सोल्डरिंगची कावी लावली की आतला पडदा आणि सील उष्णतेने बिघडतात, आणि हा दोष त्या दिवशी दिसत नाही. पट्टी शुद्ध निकेलची हवी. लोखंडावर निकेल चढवलेली पट्टी स्वस्त असते, तिचा विरोध जास्त असतो आणि ती गंजते. पट्टीच्या तुकड्यावर कानशीने ओरखडा काढून तो रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला, की लोखंड असल्यास सकाळी तांबूस डाग दिसतो. ०.१५ मिलिमीटर जाडीच्या एकेरी पट्टीवर ड्रिलचा प्रवाह भागत नाही, ती दुहेरी किंवा तिहेरी घालायला सांगावी.

एक बारीक गोष्ट दुकानात उभे राहून पाहावी. सेलच्या धन टोकाच्या बटणाभोवती जी गोल कडा असते, ती ऋण असते. संपूर्ण डबाच ऋण आणि मधोमध तेवढे एक बटण धन. दोहोंमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे अंतर, आणि त्यावरून निकेलची पट्टी जाते. वरचे प्लास्टिकचे आवरण घासले गेले की तिथेच शॉर्ट होतो. म्हणून प्रत्येक धन टोकावर बार्ली पेपरची (वीजरोधक कागदाची) चिकट चकती बसवलेली हवी. ती न लावता काम करणाऱ्याकडून पॅक बनवून घेऊ नये.

स्वतः हे काम करायचे असेल तर हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे, पेटी उघडल्याबरोबर सगळ्या जोडण्यांचे फोटो घ्यावेत आणि जुन्या पट्ट्या एकेक करून कापाव्यात. कापलेले टोक लगेच टेपने झाकावे. पॅकमधल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या बारीक वायरी ऋण बाजूपासून क्रमाने जोडाव्यात आणि प्रत्येक पायरीला मल्टिमीटरवर एकेका सेलचा दाब वाढत जातो का, हे पाहावे. मात्र त्याआधी एक चौकशी करावी. काही कंपन्यांच्या पॅकमधला बोर्ड बिघाडाची नोंद ठेवतो आणि स्वतःला कायमचा बंद करून घेतो. अशा पॅकमध्ये उत्तम सेल घातले तरी चार्जर तो स्वीकारत नाही. मकिटाच्या चार्जरवर लाल-हिरवा दिवा आळीपाळीने लुकलुकणे म्हणजे चार्जिंग शक्य नाही, असा अर्थ असतो. दुरुस्ती करणाऱ्याने नेमक्या त्याच मॉडेलचा पॅक पूर्वी केला आहे का, हे विचारावे आणि चार्जरवर लागल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

मेलेला पॅक दुसऱ्या चांगल्या पॅकला वायरीने जोडून ‘उठवण्याची’ युक्ती बरेच जण सांगतात. एखादा सेल बराच काळ २ व्होल्टच्या खाली राहिला की आतले तांबे विरघळते, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साठून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा पॅक चालू झालेला दिसतो आणि नंतर कधीतरी, बहुधा चार्जरवर असताना, पेटतो. ही युक्ती घरात करू नये, असे मी निक्षून सांगतो.

घरातले निकेल-कॅडमियमचे यंत्र जिवंत ठेवायचे असेल, तर तसेच निकेल-मेटल हायड्राइडचे सेल भरून घेणे हा सरळ उपाय आहे. फक्त चार्जिंगला वेळ वाढवून द्यावा लागतो. त्यात लिथियम सेल घालायचे असतील तर संरक्षक बोर्ड आणि लिथियमचा वेगळा चार्जर हे दोन्ही हवेतच. जुना निकेलचा चार्जर लिथियम पॅकला लावणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे, आणि तो चुकूनही लागू नये म्हणून काम झाल्याच दिवशी घरातून काढून टाकावा.

पहिले चार्जिंग, साठवण आणि जुन्या सेलची विल्हेवाट

नवे सेल भरलेला पॅक पहिल्यांदा चार्ज करताना तो फरशीवर, लाकूड आणि पडद्यांपासून दूर, आणि आपण जागे व जवळ असताना ठेवावा. अधूनमधून हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. पूर्ण भरल्यावर उघडून पाचही गटांचा दाब मोजता आला तर उत्तम, त्यांच्यात ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर पॅक परत न्यावा.

बहुतेक चार्जर बॅटरी ४०-४५ अंशांहून गरम असेल तर चार्जिंग रोखून धरतात. विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी काहीही काम न करता एवढी तापते, आणि चार्जर बिघडला असे वाटते. आधी ती सावलीत थंड होऊ द्यावी. महिनाभर काम नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवावी, यंत्रातून काढून ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांनी दाब पाहावा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली तर पात्यांवर थर चढत नाही.

काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या वाळूत ठेवावेत. ते घंटागाडीत टाकू नयेत. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेलेले लिथियम सेल पेट घेतात, आणि कॅडमियम तर विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या काढून देणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे आणि त्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची. नवा पॅक ज्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतला त्याच्याकडे जुना पॅक परत घेण्याची मागणी करावी, आणि त्याने टाळाटाळ केली तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी विचारणा करावी किंवा शहरातल्या नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रावर तो नेऊन द्यावा.